टॅपिंग: बोटांनी ठोकल्यावर मन शांत का होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टॅपिंगची प्रचारकही नाही आणि त्याच्यावर डूख धरूनही नाही. स्वतः वापरते, इतरांनाही शिकवलंय, आणि त्याबद्दलचे दावे वाचून अनेकदा कपाळावर हात मारलाय. मला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केलेत.

टॅपिंग म्हणजे नेमकं काय?

मनाला टोचणारी एखादी गोष्ट मुद्दाम आठवायची, ती शब्दांत म्हणायची आणि म्हणता म्हणता चेहऱ्यावरच्या, छातीवरच्या, हातावरच्या ठरावीक जागांवर बोटांच्या टोकांनी हलकेच ठोकत राहायचं. एवढंच. या जागा ॲक्युप्रेशर-ॲक्युपंक्चरमधल्या बिंदूंवरून घेतलेल्या आहेत. सुई नाही, तेल नाही, उपकरण नाही.

मराठीत याला 'थोपटणं' म्हणायचा मोह होतो. थोपटायला तळहात लागतो, इथे दोन बोटं पुरतात. पण बाळाला थोपटताना जी संथ, एकसारखी लय असते, तिच्याशी याचं नातं नक्की आहे.

हे आलं कुठून?

१९८०च्या सुमारास रॉजर कॅलहन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पाण्याच्या तीव्र भीतीने ग्रासलेल्या एका बाईंवर उपचार करत होते. बरेच महिने गेले तरी फारसा फरक नव्हता. पाण्याचा विचार आला की पोटात कसंतरी होतं, असं त्या म्हणाल्या. कॅलहन तेव्हा चिनी मेरिडियनांचा, म्हणजे शरीरात ऊर्जा वाहते असं मानलेल्या वाटांचा, अभ्यास करत होते. जठराच्या मेरिडियनचा एक बिंदू डोळ्याखाली मानतात, म्हणून त्यांनी तिथे ठोकायला सांगितलं. कॅलहन यांच्या सांगण्यानुसार भीती काही मिनिटांत ओसरली. त्यातून 'थॉट फील्ड थेरपी' म्हणजे टीएफटी निघाली. कोणत्या त्रासाला कोणते बिंदू, कोणत्या क्रमाने, याचं त्यात मोठं शास्त्र रचलेलं होतं.

त्यांचे एक विद्यार्थी गॅरी क्रेग मूळचे इंजिनिअर. त्यांनी १९९०च्या दशकात इंजिनिअरच्या खाक्यात विचार केला: सगळेच बिंदू दर वेळी ठोकले तर क्रमाची भानगडच उरणार नाही. हीच 'इमोशनल फ्रीडम टेक्निक्स', म्हणजे ईएफटी. आज टॅपिंग म्हणून जे चालतं ते बहुतांश हेच.

क्रम महत्त्वाचा आहे असं सांगत उभी राहिलेली पद्धत क्रम काढून टाकल्यावरही चालत राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एक फेरी प्रत्यक्षात कशी होते?

आधी त्रास एका वाक्यात पकडायचा आणि त्याला शून्य ते दहात आकडा द्यायचा. ही मोजपट्टी टॅपिंगवाल्यांची नाही. भीतीवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्याकडून ती आलेली आहे. मग तळहाताच्या कडेवर, करंगळीच्या खालच्या मांसल भागावर ठोकत 'मला ही भीती वाटत असली तरी मी स्वतःला स्वीकारते' अशा अर्थाचं वाक्य तीनदा म्हणायचं. त्यानंतर भुवईचं नाकाकडचं टोक, डोळ्याच्या बाहेरच्या कडेचं हाड, डोळ्याखालचं हाड, नाक आणि वरच्या ओठामधली जागा, ओठाखालची खळगी, गळपट्टीच्या हाडाखाली, काखेखाली साधारण चार बोटं आणि डोक्याचा माथा. प्रत्येक जागी पाच-सात वेळा ठोकायचं आणि तोंडाने त्रासाची आठवण करून देणारा छोटा शब्दप्रयोग म्हणायचा. मग एक श्वास आणि पुन्हा आकडा.

माझंच उदाहरण सांगते. एका जुन्या मैत्रिणीशी माझं वाजलं होतं आणि मला तिला फोन करायचा होता. तीन आठवडे रोज सकाळी 'आज करूच' म्हणायचे आणि संध्याकाळपर्यंत शंभर कामं काढायचे. शेवटी तिचा नंबर समोर उघडून बसले. पोटात गोळा. दहापैकी आठ. भुवईपाशी 'ती उचलणारच नाही', डोळ्याखाली 'उचलून गप्प बसेल', गळपट्टीपाशी आल्यावर एक लांबलचक जांभई. दुसऱ्या फेरीला पाच. आणि मग भीतीने कूस बदलली: ती उचलेल, नीट बोलेल, आणि चूक माझीच होती हे मला कबूल करावं लागेल. हे तीन आठवड्यांत एकदाही मनात स्पष्ट आलेलं नव्हतं. त्यावर आणखी दोन फेऱ्या केल्या, आकडा तीनवर आला, फोन लावला. तिने उचलला नाही. दुपारी तिचाच आला.

आता यात ठोकण्याचा वाटा किती आणि ज्या नंबरापासून मी पळत होते त्याच्याकडे दहा मिनिटं बघत बसण्याचा वाटा किती? टॅपिंगबद्दलचा सगळा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

स्वीकाराचं ते वाक्य मला खोटं वाटतं. म्हणायलाच हवं का?

नाही. 'मी स्वतःला पूर्णपणे आणि मनापासून स्वीकारते' हे मराठीत भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं, आणि जे वाक्य म्हणताना आपलं आपल्यालाच हसू येतं ते काही कामाचं नाही. 'हो, धडकी भरलीय. भरू दे. मी आहे इथे' एवढंही पुरतं. भीतीशी हातघाईवर यायचं नाही, तिला तेवढा वेळ बसू द्यायचं, हा त्यातला मुद्दा.

खरंच फरक पडतो का, की नुसती हवा?

फरक पडतो असं दाखवणारे अभ्यास आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. २०१३ साली पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, असलेल्या ५९ माजी सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तासातासाची सहा सत्रं झाल्यावर टॅपिंग गटातल्या ९० टक्के जणांचे गुण पीटीएसडीच्या निकषाखाली गेले, तर नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. २०११ साली स्कॉटलंडमध्ये ४६ रुग्णांवर ईएफटी आणि ईएमडीआर (त्रासदायक आठवण मनात ठेवून डोळे डावी-उजवीकडे फिरवण्याचा मानसोपचार) यांची तुलना झाली, आणि दोन्हींनी रुग्णांना फायदा झाला. चिंतेवरच्या १४ चाचण्या एकत्र करून २०१६ साली केलेल्या विश्लेषणातही परिणाम चांगलाच मोठा दिसला. कुठले उपचार वापरावेत याच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८च्या पीटीएसडी मार्गदर्शिकेत ईएफटीवर आणखी संशोधन व्हावं, अशी शिफारस केली. उपचार म्हणून शिफारस केली नाही, हेही त्याच वाक्यात वाचायचं.

आता दुसरी बाजू. यातले बरेच अभ्यास लहान आहेत. तुलनेसाठीचा गट पुष्कळदा नुसता वाट बघत बसलेला असतो, आणि अशा गटाशी तुलना केली की जवळपास कुठलाही उपचार उजवा दिसतो. मोजमाप बहुतेक वेळा रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर होतं. शिवाय संशोधन करणाऱ्यांतले अनेक जण स्वतःच टॅपिंगचे प्रशिक्षक किंवा लेखक आहेत. म्हणून कोणी खोटं बोलतंय असं होत नाही, पण स्वयंपाक्यानेच स्वतःच्या जेवणाला गुण द्यावेत तसं थोडं होतं.

मेरिडियन आणि 'ऊर्जेचा अडथळा' हे खरं आहे का?

माझं मत स्पष्ट सांगते: नाही. प्रेताची चिरफाड करून किंवा सूक्ष्मदर्शकाखाली मेरिडियन नावाची कुठलीही वाहिनी सापडलेली नाही. ॲक्युपंक्चरच्या परंपरेत ३६१ बिंदू मोजले जातात. तो अनुभवातून बनलेला जुना नकाशा आहे आणि नकाशा म्हणून त्याचा मान ठेवावा. पण 'तुमच्या भीतीचं मूळ ऊर्जाप्रवाहातल्या बिघाडात आहे' हे विधान तपासायची सोयच नाही.

बिंदूंचं म्हणाल तर २००३ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. ११९ विद्यार्थ्यांचे चार गट केले. एकाने नेहमीच्या बिंदूंवर ठोकलं, दुसऱ्याने हातावरच्या भलत्याच जागांवर, तिसऱ्याने चक्क एका बाहुलीवर, आणि चौथा गट कागदाचं खेळणं करत बसला. पहिल्या तिन्ही गटांची भीती कमी झाली, चौथ्याची नाही. म्हणजे बाहुलीला ठोकूनही माणसाची भीती उतरली!

टॅपिंग समर्थकांचं यावर उत्तर असं, की बाहुलीवर ठोकताना स्वतःच्या बोटांची टोकं दाबली जातातच, आणि तिथेही बिंदू आहेत. उत्तर हुशारीचं आहे. पण मग अंगाला कुठेही हात लावला तरी कुठला ना कुठला बिंदू लागणारच, आणि 'योग्य बिंदू' या शब्दाला अर्थ उरत नाही.

मग काम होतं ते कशामुळे?

मला वाटतं, एका साध्या कृतीत चार-पाच जुन्या, चांगल्या तपासलेल्या गोष्टी एकत्र येऊन बसल्यात.

पहिली म्हणजे समोर जाणं. भीती टिकते ती टाळण्यामुळे. जी गोष्ट आपण टाळतो ती निरुपद्रवी आहे हे कळायची संधीच मेंदूला मिळत नाही. टॅपिंगमध्ये ती गोष्ट मनात आणावी लागते, तीही पुन्हापुन्हा, थोड्या थोड्या मात्रेत. वोल्पे यांनी १९५०च्या दशकात हेच मांडलं होतं: भीतीची वस्तू समोर असताना शरीर शिथिल ठेवता आलं तर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, आणि भीती मागे हटते. त्यांनी स्नायू सैल करायला शिकवलं. इथे बोटं ठोकतात.

दुसरी, नाव देणं. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या ॲमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावते. ॲमिग्डाला म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग. 'कसंतरी होतंय' आणि 'ती मला माफ करणार नाही याची भीती वाटतेय' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर काम करता येतं. आकडा देण्याचंही तसंच आहे. आठ म्हणायला क्षणभर बाहेर उभं राहून स्वतःकडे बघावं लागतं.

तिसरी, लक्षाची वाटणी. आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे मनाचं कामाचं टेबल, लहान असतं. त्यावर एक त्रासदायक दृश्य ठेवलं आणि त्याच वेळी 'आता डोळ्याखाली, आता ओठाखाली' हे कामही ठेवलं, की दृश्याला जागा कमी पडते आणि ते फिकट होतं. ईएमडीआरमध्ये डोळे डावी-उजवीकडे फिरवण्याचा परिणाम समजावताना हेच स्पष्टीकरण बरेच संशोधक देतात.

चौथी, शरीराला मिळणारा दिलासा: लय, स्पर्श, संथ होत जाणारा श्वास. इथे एक दुरुस्ती करावीशी वाटते. 'सुखद स्पर्शाचे खास मज्जातंतू टॅपिंगने जागे होतात' असं सांगितलं जातं. ते तंतू आहेत, पण त्यांना सगळ्यांत भावतो तो सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगाने अलगद फिरवलेला हात. टकटक ठोकणं नव्हे. एरवी घाबरलेला माणूस आपण होऊन छातीवर हात ठेवतो, कपाळ चोळतो, हनुवटी धरतो. टॅपिंगच्या बऱ्याच जागा नेमक्या याच आहेत, हे मला बिंदूंच्या नकाशापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

पाचवी गोष्ट जरा धाडसाची, पण सर्वांत रंजक. २००० साली करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर दाखवलं, की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की काही काळ ती कच्ची होते आणि तिला नव्याने साठवावं लागतं. ओल्या मातीसारखी ती तेवढ्यापुरती आकार बदलू शकते. आठवण जागी असताना शरीर शांत राहिलं, तर ती शांतीसकट परत साठवली जात असेल का? डेव्हिड फाइनस्टाइन यांच्यासारखे टॅपिंगचे समर्थक मानसशास्त्रज्ञ असंच मानतात. कल्पना सुसंगत आहे. उंदरांपासून माझ्या त्या फोनपर्यंतची वाट मात्र अजून पूर्ण बांधलेली नाही.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी होतं म्हणतात, ते?

तसे दोन अभ्यास वारंवार सांगितले जातात. २०१२ साली ८३ जणांवर: तासाभराच्या टॅपिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल सरासरी २४ टक्क्यांनी घटलं, आणि नुसत्या आधाराच्या गप्पा किंवा विश्रांती घेणाऱ्यांत सुमारे १४ टक्क्यांनी. २०२० साली ५३ जणांवर तो पुन्हा केला, तेव्हा टॅपिंग गटात घट ४३ टक्के निघाली. आकडे प्रभावी आहेत. पण तासाभराने कॉर्टिसॉल उतरलं म्हणजे नैराश्य गेलं असं नाही. कॉर्टिसॉल दिवसभर आपलं आपण चढउतार करत असतं.

म्हणजे प्लासिबोच ना शेवटी, नुसत्या विश्वासाने वाटणारा फरक?

अपेक्षेचा वाटा आहेच, आणि तो प्रत्येक मानसोपचारात असतो. पण समोर जाणं आणि नाव देणं या प्लासिबो गोष्टी नव्हेत. त्यांची आपली वेगळी ताकद आहे. प्रश्न इतकाच, की ठोकणं काढून टाकलं तर किती परिणाम उरतो. काही तुलनांमध्ये ठोकण्यासकट केलेली पद्धत ठोकण्याशिवायच्या पद्धतीपेक्षा सरस ठरली, बाहुलीसारख्या प्रयोगात जागेने फरक पडला नाही. माझा अंदाज: बोटांना काम हवं, ते कुठल्या जागी करायचं याला फारसं महत्त्व नाही.

मानसशास्त्रज्ञ याला मान्यता देतात का?

अर्धवट. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९९ साली टीएफटीच्या अभ्यासक्रमांना सातत्य-शिक्षणाचे, म्हणजे मानसशास्त्रज्ञांनी व्यवसायात असताना घेत राहायच्या शिक्षणाचे, गुण द्यायला नकार दिला होता, आणि २०१२ साली या क्षेत्रातल्या एका संस्थेला अशा शिक्षणासाठी मान्यता दिली. टीकाकार अजूनही याला छद्मविज्ञान म्हणतात. त्यांचा रोख प्रामुख्याने ऊर्जेच्या सिद्धांतावर असतो, आणि तिथे त्यांचं बरोबर आहे. चिंता, पीटीएसडी यांसाठी सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) आणि ईएमडीआर यांच्यामागचा पुरावा कितीतरी जास्त आणि जास्त भक्कम आहे. ते उपलब्ध असेल तर आधी तिकडे जा.

बिंदू चुकला तर काही वाईट होतं?

नाही. बाहुली आठवा. जोरात ठोकू नका, डोळ्यापाशी तर मुळीच नाही.

फेऱ्या करूनही आकडा हलत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा विषय फार मोठा घेतलेला असतो. 'माझा आत्मविश्वास कमी आहे' यावर ठोकून काही होत नाही, कारण त्यात धरायला काही नाही. 'परवा बैठकीत मी बोलायला तोंड उघडलं आणि सगळे फोनमध्ये बघत होते' हे धरा. कुठला चेहरा, कुठला आवाज, छातीत कुठे आवळलं? जितकं बारीक, तितकं बरं. आणि तरीही हलला नाही तर त्या दिवशी सोडून द्या. न हलणारा आकडा हीसुद्धा माहितीच आहे. कधी कधी भीती रास्त असते, आणि तिथे ठोकण्यापेक्षा परिस्थिती बदलायची गरज असते. छळ करणाऱ्या माणसाची भीती टॅपिंगने घालवू नये.

करताना रडू आलं, किंवा भीती उलट वाढली तर?

थोडं रडू येणं, जांभया, सुस्कारे, हात कोमट होणं हे नेहमीचं आहे. पण आकडा चढतच चालला, जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटायला लागलं, अंग बधिर झालं किंवा खोलीत आपण नाहीच असं वाटलं, तर शब्द ताबडतोब थांबवा. डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीवर दाबा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. आणि तो प्रसंग यापुढे एकट्याने उघडू नका. तो प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञासोबतच उघडायचा.

बालपणातला अत्याचार, हिंसा, मोठा अपघात अशा आघातांवर व्हिडिओ बघून काम करायला मी कुणालाच सांगत नाही. टॅपिंग सौम्य दिसतं म्हणून त्याने उघडणारी गोष्टही सौम्य असेलच असं नाही.

माझ्या गोळ्या चालू आहेत. बंद करू?

मुळीच नाही. टॅपिंग गोळ्यांसोबत करता येतं, त्यांच्याऐवजी नाही. गोळ्यांचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, हळूहळू आणि देखरेखीखाली. भास होत असतील, झोप न लागता उत्साह अनावर झाला असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर आधी डॉक्टर. आणि जगू नये असं वाटत असेल तर हे पान बंद करून जवळच्या माणसाला किंवा तुमच्या भागातल्या मदतवाहिनीला आत्ताच फोन करा. नंतर नाही.

लहान मुलांना शिकवावं का?

परीक्षेआधी, झोपेआधी, खेळासारखं, हरकत नाही. मुलाने नको म्हटलं तर नको. आणि मूल कशाला घाबरतंय ते ऐकून घ्यायच्या आधीच त्याला ठोकायला लावू नका.

शिकवणारा माणूस कसा ओळखायचा?

मी तीन गोष्टी बघते. त्याच्याकडे टॅपिंगच्या प्रमाणपत्राशिवाय मानसोपचाराचं रीतसर शिक्षण आहे का? 'एका बैठकीत आघात कायमचा जाईल' असं तो म्हणतो का? म्हणत असेल तर नमस्कार करून निघा. आणि तुम्हाला बरं वाटलं नाही तेव्हा तो दोष कुणावर टाकतो? कॅलहन यांच्या काळापासून 'मानसिक उलटेपण' नावाची एक कल्पना चालत आलीय: उपाय लागू पडला नाही, म्हणजे तुमचं मनच आतून बरं व्हायला नकार देतंय. उपाय कधी चुकूच शकत नाही अशी ही सोय आहे. एका प्रशिक्षणात ती माझ्यावरच वापरली गेली होती. मी डोकं दुखतंय म्हटलं, आणि तुमचा विरोध बोलतोय असं उत्तर मिळालं. डोकं चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे दुखत होतं.

ऑफिसात, चारचौघांत कसं करायचं? लोक बघतात.

डोक्यावर टकटक करायची काही गरज नाही. टेबलाखाली अंगठ्याने त्याच हाताच्या बोटांची टोकं एकेक करून दाबा, तर्जनी ते करंगळी आणि परत. किंवा एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या तळहाताची कड ठोका. वाक्य मनातल्या मनात म्हणा. मी मुलाखतीच्या खोलीबाहेर बसून हे केलंय. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही मोजताय का. मी हो म्हटलं.